मेजर लिंडबेक-लार्सेन यांना वगळू नका : महायुद्ध ग्रंथमालेच्या संपादक मंडळाला खुले पत्र

मा. संपादक मंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपलं चार ओळींचं पत्र मिळालं. ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडातलं नॉर्वेवरचं माझं प्रकरण, १९४० मध्ये तिथे लढलेल्या आणि पुढे त्या लढाईचा इतिहास लिहिणाऱ्या मेजर ऑड लिंडबेक-लार्सेन यांच्याबद्दलचं, वगळलं आहे, त्याऐवजी एक 'संक्षिप्त नोंद' जाईल, एवढाच मजकूर. सोबत नोंदीचं प्रूफ होतं, अर्ध्या पानाचं. मूळ प्रकरण बेचाळीस पानांचं होतं आणि दोन वर्षांपूर्वी आपणच ते मागवून घेतलं होतं. त्यानंतर मी दोन पत्रं पाठवली, तीन-चार वेळा फोन केला. त्रोटक कारणं मिळाली, आणि शेवटी "निर्णय झालाय" एवढंच. ही मालिका वाचकांनी आगाऊ भरलेल्या पैशांवर निघते आहे, म्हणून आता त्यांच्यासमोरच हे मांडते. आपल्या संस्थेचं किंवा कुणाही सभासदाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. माझं भांडण निर्णयाशी आहे, माणसांशी नाही.

आधी माझा यात काय संबंध, ते सांगते.

एकतीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर लेकीच्या बाळंतपणासाठी उत्तर नॉर्वेतल्या त्रोम्सोला गेले आणि या ना त्या कारणाने साडेतीन वर्षं राहिले. तिथे हिवाळ्यात दोन महिने सूर्य वर येत नाही. त्या काळोखात मी भाषेच्या वर्गाला नाव घातलं. बोलणं अडखळतच राहिलं, वाचता मात्र येऊ लागलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी पहिलं जाड पुस्तक आणलं ते १९४६ सालचं, 'सहावी डिव्हिजन' एवढंच साधं नाव असलेलं. लेखक ऑड लिंडबेक-लार्सेन. युद्धानंतरच्या टंचाईतला कागद, बोट लावलं की कडा तुटायची. आधीच्या कुणा वाचकाने ग्रातांगेन या नार्विकजवळच्या गावच्या लढाईच्या पानांवर समासात पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या. एके ठिकाणी रेघ इतकी दाबून ओढलेली की कागद चिरला होता. त्या वाचकाच्या घरातलं कोणी तिथे बर्फात राहिलं असेल का, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही.

दुसरं कारण वडिलांचं. १९६२ च्या चीन युद्धात ते नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) होते, सिग्नल्समध्ये हवालदार. सुखरूप परतले, पुढे खूप वर्षं जगले, पण त्या महिन्याबद्दल घरात एक अक्षर बोलले नाहीत. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. हरून आलेल्या सैनिकाच्या घरात वाढलेल्या मुलांना एक प्रश्न जन्माचा चिकटतो: हे झालं कसं, आणि आम्हाला ते सांगणार कोण? लिंडबेक-लार्सेन यांची पुस्तकं मी सोडू शकले नाही ती या प्रश्नामुळे.

त्यांचा जन्म १८९७ चा. एप्रिल १९४० मध्ये ते मेजर होते, उत्तर नॉर्वे सांभाळणाऱ्या सहाव्या डिव्हिजनचे सेनापती जनरल कार्ल गुस्ताव फ्लाइशर यांचे चीफ ऑफ स्टाफ. डिव्हिजनचे आदेश ज्यांच्या टेबलावरून निघत, ते. त्याच लष्करात आणखी एक मेजर होऊन गेला होता, विद्कुन क्विसलिंग. लष्करी अकादमीतला अतिशय हुशार विद्यार्थी. त्याचं नाव पुढे जगाने 'फितूर' या अर्थाने उचललं. आपल्या अर्ध्या पानात नॉर्वेच्या लष्करातला एकच अधिकारी आहे, आणि तो क्विसलिंग आहे. बासष्ट दिवस लढलेल्या सैन्याची ओळख मराठी वाचकाला त्या एका नावावर व्हावी? हे वाचलं आणि मी प्रूफ मिटून ठेवलं. त्या दिवशी दुसरं काही हातून झालं नाही.

नोंदीचं पहिलं वाक्य आहे: 'नॉर्वे एका दिवसात जर्मनीच्या ताब्यात गेला.' हे साफ चूक आहे. ९ एप्रिल १९४० ला काही तासांत शरण गेला तो डेन्मार्क. नॉर्वे १० जूनपर्यंत लढत होता. पोलंड आणि फ्रान्स याहून कमी दिवसांत पडले. पहिल्याच पहाटे ऑस्लोच्या खाडीत ओस्कार्सबोर्ग किल्ल्याच्या जुनाट तोफांनी आणि टॉर्पेडोंनी 'ब्ल्यूखर' ही नवीकोरी जर्मन क्रूझर बुडवली, म्हणून राजा होकोन आणि सरकार राजधानीतून निसटू शकलं. यातलं काहीही नोंदीत नाही.

उत्तरेतल्या नार्विक बंदरात मात्र तशी सुरुवात झाली नाही, हे मीही मूळ प्रकरणात लपवलेलं नव्हतं. दहा जर्मन विनाशिका जनरल डीटल यांचे सुमारे २००० पहाडी सैनिक घेऊन हिमवादळात आत शिरल्या. 'आइड्सवोल्ड' आणि 'नोर्गे' ही म्हातारी किनारी जहाजं काही मिनिटांत तळाला गेली आणि त्यांच्याबरोबर पावणेतीनशेहून जास्त खलाशी. शहरातल्या सैन्याचा कर्नल सुन्डलो याने लढाई न करताच शहर देऊन टाकलं. आणि फ्लाइशर आणि लिंडबेक-लार्सेन त्या रात्री कुठे होते? शेकडो किलोमीटर दूर, नॉर्वेच्या ईशान्य टोकाला पूर्व फिनमार्कात, पाहणी दौऱ्यावर. तो संपूर्ण हिवाळा शेजारी फिनलंड आणि रशियाचं युद्ध चाललेलं होतं, त्यामुळे डिव्हिजनचं लक्ष रशियाच्या सरहद्दीकडे होतं. वादळामुळे त्यांना परत फिरता येईना. सेनापती आणि त्याचा चीफ ऑफ स्टाफ, दोघे टेलिफोनवरून युद्ध चालवत होते. सुन्डलोला अटक करा, हा हुकूमही टेलिफोनवरूनच गेला. नार्विकमधल्या दोन मेजरांनी जवळजवळ दोनशे माणसं रांगेत उभी केली, जर्मन पहारेकऱ्यांना सकाळचा नमस्कार केला आणि त्यांच्यासमोरून शहराबाहेर चालत नेली. पहारेकरी बघत राहिले.

यानंतर ग्रातांगेन. इथे मला थांबायचं आहे, कारण आपल्या कारणांपैकी सगळ्यात वजनदार कारण इथेच तपासता येतं.

एप्रिलच्या अखेरीस एकदा लेक मला तिथे घेऊन गेली. लापहाउगेनची खिंड ओलांडली की रस्ता खाली उतरतो, तळाशी फ्योर्डचं, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीचं, टोक आणि विखुरलेली शेतघरं दिसतात. आपल्याकडे तेव्हा आंबा पिकत असतो. तिथे मी गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला एक पाऊल टाकलं तर पाय मांडीपर्यंत बर्फात गेला, काढायला लेकीला हात द्यावा लागला. २४ एप्रिल १९४० ला नॉर्वेजियन बटालियन हिमवादळात डोंगर ओलांडून इथे उतरली होती, शस्त्रं आणि सामान ओढत. जर्मन मागे हटलेले दिसले. दमलेली माणसं शेतघरांमध्ये आणि गोठ्यांमध्ये शिरून झोपली. पहारे पुरेसे नव्हते. जर्मन उलटून आले. ३४ ठार, ६४ जखमी, शंभराहून अधिक कैद. एक अख्खी बटालियन सकाळच्या काही तासांत मोडली.

आपलं म्हणणं, जसं मला फोनवर सांगण्यात आलं, ते असं की लिंडबेक-लार्सेन हे त्या लढाईच्या नियोजनातले असल्यामुळे त्यांचा इतिहास म्हणजे स्वतःचं समर्थन, ते विश्वासार्ह साधन नव्हे. पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. ज्या हाताने हल्ल्याचे आदेश तयार झाले, त्याच हाताने पुढे त्या हल्ल्याचा इतिहास लिहिला. त्या हवामानात ती योजना पेलण्याजोगी होती का, यावर पुढे कडक टीका झाली आणि तीही मी प्रकरणात घेतली आहे. पण साक्षीदार गुंतलेला आहे म्हणून त्याला कोर्टाबाहेर काढायचं, असा नियम केला तर पानिपताबद्दल आपल्या हातात काय उरेल? काशिराज पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, शत्रूच्या गोटात बसून त्याने पाहिलं, आणि तरी त्याच्या लिखाणाशिवाय पानिपतावर कुणी लिहीत नाही. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ साली साधनांचा पहिला खंड काढला तो पानिपतच्या काळातल्या पत्रांचा होता, आणि ती पत्रं लिहिणारे सगळे त्या भानगडीत गळ्यापर्यंत बुडालेले होते. साक्षीदार कुठे उभा होता हे वाचकाला सांगायचं आणि मग त्याला बोलू द्यायचं, हे आम्ही अकरावीच्या मुलांना शिकवतो.

शिवाय या बाबतीत दुसरा साक्षीदार उरलाच नव्हता. फ्लाइशर यांची गोष्ट आपल्या मंडळातल्या सगळ्यांना माहीत आहे की नाही, मला कल्पना नाही. ग्रातांगेनच्या पराभवानंतर त्यांच्या डिव्हिजनने महिनाभर डोंगरमाथे एकेक करून घेतले आणि जर्मनांना स्वीडनच्या सरहद्दीकडे रेटलं. २८ मे ला नॉर्वेजियन बटालियन, फ्रेंच फॉरेन लीजन आणि पोलिश सैनिकांनी मिळून नार्विक परत घेतलं. या महायुद्धात जर्मनांच्या हातून परत जिंकलेलं ते पहिलं शहर. आणि त्याच आठवड्यात, फ्रान्स कोसळत असल्याने, दोस्तांनी उत्तर नॉर्वे सोडायचं आधीच ठरवून टाकलेलं होतं. नॉर्वेच्या सरकारला ते जूनच्या सुरुवातीला कळलं. जिंकत आलेल्या सैन्याला शस्त्रं खाली ठेवावी लागली. ७ जूनला राजा आणि सरकार ब्रिटनला निघाले, पाठोपाठ फ्लाइशर यांनाही जावं लागलं. सरसेनापती जनरल ओटो रूगे सैन्याबरोबर मागे थांबले आणि जर्मनांच्या कैदेत गेले. परदेशात फ्लाइशर यांना डावलून त्यांच्याहून पुष्कळ कनिष्ठ अधिकाऱ्याला संरक्षण दलांचा प्रमुख केलं गेलं, त्यांना कॅनडात पाठवलं गेलं. १९ डिसेंबर १९४२ ला ओटावात त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

युद्ध संपल्यावर चौकशा सुरू झाल्या तेव्हा सहाव्या डिव्हिजनचा सेनापती साक्ष द्यायला हयात नव्हता. १९४६ साली नेमलेल्या लष्करी चौकशी आयोगाचा अहवाल १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत लोकांसमोर आला नाही. लिंडबेक-लार्सेन १९७५ मध्येच गेले. मधल्या तीस वर्षांत सामान्य नॉर्वेजियन घरात या युद्धाबद्दल वाचायला जे होतं, त्यात या माणसाची पुस्तकं होती.

आणि ती पुस्तकं एका ओळीत ठेवून पाहा, एवढीच माझी विनंती आहे. १९४६ : 'सहावी डिव्हिजन'. आपली तुकडी, आपला सेनापती, आपण पाहिलेलं. १९६५ : 'नॉर्वेतलं युद्ध १९४०'. आता एका डिव्हिजनच्या बाहेर येऊन सगळा देश, सगळ्या आघाड्या. १९७३ : 'विनाशाकडे जाणारी वाट १९०५-१९४०'. पहिलं पुस्तक लिहिताना पन्नाशीला टेकलेला माणूस शेवटचं लिहिताना पंचाहत्तरीचा होता. आणि म्हातारपणी त्याने प्रश्न मागे नेला, नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला त्या १९०५ सालापर्यंत. ९ एप्रिलच्या रात्री काय चुकलं, हे विचारणं त्याला पुरेसं वाटेना. अलिप्ततेच्या भरवशावर पस्तीस वर्षं देशाने आपल्या लष्कराचं काय केलं, हे तो विचारू लागला. फक्त स्वतःची बाजू राखायची असती तर पहिल्या पुस्तकावर थांबून भागलं असतं. माझी बेचाळीस पानं या प्रवासाबद्दल होती. त्यांना 'एका दुय्यम अधिकाऱ्याचं चरित्र' म्हणून बाजूला काढलं, याचं मला वाईट वाटतं. राग आला होता, तो आता ओसरला आहे. वाईट अजून वाटतं.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात.

आपली नोंद नऊ ओळींची आहे. त्यातल्या पाच ओळी लंडनच्या: नॉर्वेतल्या अपयशावरून संसदेतला वाद, चेंबरलेन यांचं जाणं, १० मे ला चर्चिल यांचं पंतप्रधान होणं. हे सगळं खरं आहे. पण मग ते ब्रिटनच्या प्रकरणात घ्या. ज्या देशाच्या डोंगरांत माणसं मेली, तो देश मराठी वाचकाला फक्त चर्चिल यांच्या घराची पायरी म्हणून दिसावा, हे बरोबर नाही. एवढं होण्याचं कारण उघड आहे: नोंद लिहिताना इंग्रजीपलीकडचं एकही साधन उघडलं गेलेलं नाही. आपल्या मालेच्या पहिल्याच पत्रकात 'त्या त्या भाषेतील मूळ साधनांवर आधारित' असं छापलेलं होतं. ते वाचून मी लिहायला होकार दिला होता.

नकाशेही गेले. नार्विक, ग्रातांगेन आणि स्वीडनची सरहद्द दाखवणारे दोन नकाशे मी स्वतः काढून घेतले होते. ते नसतील तर ही लढाई कुणालाच समजणार नाही.

आणि 'मराठी वाचकाशी संबंध नाही' हे कारण. संबंध असल्याशिवाय वाचू नये असं मी मानत नाही, पण आपण विचारलंत म्हणून सांगते. मे १९४० मध्ये ब्रिटिशांनी नॉर्वेत ज्या 'स्वतंत्र कंपन्या' (छोट्या लष्करी तुकड्या) उतरवल्या, त्यांना डोंगरातली लढाई शिकवायला वायव्य सरहद्दीवर मुरलेले हिंदी लष्करातले अधिकारी खास बोलावून घेतले होते. ते ब्रिटिश होते, पण शिकले होते ते वझिरिस्तानच्या खिंडींत, आपल्या जवानांबरोबर. आणि १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या स्फोटकं भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला तेव्हा जवळ उभ्या असलेल्या जहाजांमध्ये 'बेलरे' हे नॉर्वेचं जहाज होतं. देश जर्मनांच्या ताब्यात असताना त्याचे खलाशी आपल्या बंदरापर्यंत दोस्तांसाठी माल वाहत होते. मुंबईच्या वाचकाला हे सांगायला नको का?

आता मला हवं आहे ते स्पष्ट लिहिते.

नॉर्वेचं प्रकरण खंडात परत घ्या. बेचाळीस पानं जड होत असतील तर मी स्वतः तीस करून देते, पंधरा दिवसांत. पण लिंडबेक-लार्सेन, फ्लाइशर आणि ग्रातांगेन त्यात राहिले पाहिजेत, नकाशांसह.

लिंडबेक-लार्सेन यांच्या साक्षीबद्दल शंका असेल तर प्रकरणाच्या सुरुवातीला तशी टीप छापा. ती कडक असली तरी माझी हरकत नाही. हवं तर लष्करी इतिहास जाणणाऱ्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याकडून तपासून घ्या, त्यांच्या प्रत्येक शेऱ्याला मी लेखी उत्तर देईन.

प्रकरण घ्यायचं नाहीच असं ठरलं, तरी 'एका दिवसात ताब्यात गेला' हे वाक्य छापू नका. ते तसंच गेलं तर माझं नाव सल्लागारांच्या यादीतून काढा.

वगळण्याचं कारण वर्गणीदारांना लेखी कळवा. पहिल्या पत्रकात नॉर्वेचं प्रकरण जाहीर झालं होतं, त्यांनी ते वाचून पैसे भरले आहेत.

आणि यापैकी काहीच होणार नसेल तर हस्तलिखित व दोन्ही नकाशे मला परत करा, आणि ते दुसरीकडे छापायला आपली हरकत नाही असं एका ओळीचं पत्र द्या.

खंड छपाईला जायला अजून तीन आठवडे आहेत असं कळतं. त्याआधी मंडळाची बैठक असेल तर मला पंधरा मिनिटं द्या. १९४६ सालचं ते पुस्तक माझ्याजवळ आहे, ते घेऊन येईन. पेन्सिलीच्या रेघांची पानं आपण एकदा स्वतः पाहावीत अशी माझी इच्छा आहे. दिवस आणि वेळ तेवढी कळवा.

आपली विश्वासू,
नॉर्वे प्रकरणाची लेखिका